गाडी थांबायची, पण तुमच्यासाठी नव्हे: पुणे–मिरज मार्गावरच्या गावच्या स्टेशनाची गोष्ट

प्रश्न विचारणारा तरुण कोरेगाव आणि कराडच्या मधल्या एका गावचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबा सांगतात, आमच्या स्टेशनावर पूर्वी प्रत्येक गाडी थांबायची, बाहेर बैलगाड्यांची रांग लागायची. आता दिवसातून दोन-तीन गाड्या टेकतात आणि बाकीच्या धूळ उडवत निघून जातात. हे स्टेशन कधी आणि कशासाठी झालं, गाड्या कुणी काढून घेतल्या, आणि दुसरी लाइन पडली, वर विजेच्या तारा आल्या, त्यातून आमच्या पदरात काही पडणार का?

गावाचं नाव इथे घेत नाही, कारण हेच उत्तर तारगाव, मसूर, शिरवडे, शेणोली, ताकारी, कुठल्याही स्टेशनाला थोड्याफार फरकानं लागू पडतं. मी या पट्ट्यात स्टेशन मास्तर म्हणून नोकरी केली, रात्रपाळ्या काढल्या, आणि थांब्यासाठी आलेले अर्ज वरती पाठवताना त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलं. त्यामुळे गोड बोलण्यापेक्षा खरं सांगतो.

तुमच्या आजोबांचं म्हणणं खरं आहे. गाड्या थांबायच्या. पण त्यातल्या बऱ्याच तुमच्या गावासाठी थांबत नव्हत्या. एक थांबायची समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला, एक इंजिनाला पाणी पाजायला, एक पुढची लाइन मोकळी नाही म्हणून. गाव मधल्या मध्ये चढून-उतरून घ्यायचं. हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

हा मार्ग दुष्काळातून जन्माला आला. 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ दख्खनला फार जड गेला. धान्य एका मुलखात पडून आणि माणसं दुसऱ्या मुलखात उपाशी, कारण बैलाच्या पाठीवरून जाऊन जाऊन किती जाणार? 1880 च्या दुष्काळ आयोगानं सांगितलं की असल्या मुलखात रेल्वे न्या. 1882 मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. पुण्याहून निघून सातारा जिल्ह्यातून मिरज, बेळगाव आणि पुढे लोंढा, अशी तिची पश्चिमेकडची लाइन. लोंढ्याला ती गोव्याच्या मुरगाव बंदराकडे जाणाऱ्या लाइनीला मिळते. म्हणजे वाईट साली धान्य आत यावं आणि चांगल्या साली कापूस बंदरावर जावा, असा दुहेरी हिशोब. 1890 च्या सुमारास पुणे ते लोंढा सलग झालं. कोल्हापूरचा फाटा संस्थानानं स्वतःच्या पैशानं केला: 3 मे 1888 ला शाहू महाराजांच्या हस्ते त्याची सुरुवात झाली आणि 1891 मध्ये मिरज–कोल्हापूर गाडी धावली.

कंपनीनं लाइन स्वस्तात टाकायची म्हणून मीटर गेज घेतला, दोन रुळांत 1 मीटर अंतर. मुंबई–पुणे लाइन ब्रॉडगेज, 1,676 मिलिमीटर. त्यामुळे पुण्याला माणूस गाडी बदलायचा आणि माल एका डब्यातून दुसऱ्यात हमालाच्या डोक्यावरून जायचा. हा त्रास 80 वर्षं चालला.

लाइन एकेरी. एकेरी लाइनीवर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडायचं तर मध्ये कुठेतरी दुसरा रूळ हवा. साधारण 8-10 किलोमीटरवर असा एक दुसरा रूळ, म्हणजे लूप, टाकत गेलं की लाइन चालवता येते. तो लूप जिथे पडला तिथे एक खोली, एक कंदील, एक मास्तर, दोन-तीन पोर्टर. तेच तुमचं स्टेशन. जागा निवडताना इंजिनिअर पाहायचा सपाट जमीन, सरळ रूळ, जवळपास पाणी. गाव दिसतंय का, हा प्रश्न त्याच्या यादीत फार खाली. म्हणून आपल्याकडे गाव इकडे आणि स्टेशन दीड-दोन मैलांवर शेतात, असं चित्र जागोजागी दिसतं.

‘रोड’ लावलेली नावं त्यातूनच आली. सासवड रोडला उतरून सासवड दिसत नाही, ते स्टेशन फुरसुंगीच्या बाजूला आहे. रोड म्हणजे ‘इथून त्या गावाचा रस्ता फुटतो’ एवढंच. कुंडल रोड हे असंच एक नाव. त्या स्टेशनाशेजारच्या माळावर औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावहून कारखाना तिथे आणला. पुढे स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. गावानं स्टेशनाचं नाव बदलायला लावलं अशी ही दुर्मिळ गोष्ट, आणि तीही कारखान्याच्या जोरावर. माल आणि माणसं स्टेशनावर रोज येऊ लागली की रेल्वे आपोआप वाकते, हे तेव्हाही खरं होतं.

मसूरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण जुन्या स्टेशनांच्या आठवणी काढताना आपण फक्त कंदील आणि वाफेचं इंजिन काढतो. 1901 च्या आसपास डॉ. बाबासाहेब आंबेडकर नऊ-दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात सरकारी तलावाच्या कामावर रोखपाल. ते कामही दुष्काळातल्या लोकांना मजुरी मिळावी म्हणून काढलेलं. मुलं साताऱ्यात. वडिलांनी सुट्टीत बोलावलं म्हणून नवे कपडे, नव्या टोप्या घालून मुलं निघाली. तेव्हा साताऱ्यातल्या घरापासून स्टेशन 10 मैल, टांगा करून गेली. मसूरला संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरली. घ्यायला कुणी आलं नव्हतं, पत्रच वेळेवर पोचलं नव्हतं. बाकीचे उतारू निघून गेले. मास्तर आला, मुलांचा पोशाख पाहून ती ब्राह्मणांची असतील असं धरून चालला. मुलांनी ‘आम्ही महार’ असं सांगताच तो मागे सरकला. गाडीवाले दुप्पट भाडं देऊ केलं तरी न्यायला तयार होईनात. शेवटी ठरलं असं की गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मी त्याच पदाच्या खुर्चीत बसलो. त्या फलाटावर रात्री एकटा असताना हे आठवायचं. स्टेशन सगळ्यांना खुलं, तिकीट सगळ्यांना एकाच दरानं, हे कागदावर पहिल्या दिवसापासून होतं. फलाटाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकलं की गाव सुरू व्हायचं.

आता गाडी थांबायची म्हणजे आतून काय चालायचं ते जवळून दाखवतो. मी लागलो तेव्हा काही स्टेशनांवर नीलचं गोळ्याचं यंत्र होतं. लाल रंगाची लोखंडी पेटी, तिच्यात पोलादी गोळे. दोन शेजारच्या स्टेशनांत अशी एकेक पेटी आणि दोन्ही विजेच्या तारेनं बांधलेल्या. एका वेळी दोघांपैकी एकाच पेटीतून एकच गोळा निघतो. मला गाडी सोडायची तर मी शेजारच्याला घंटी देणार, फोनवर गाडीचा नंबर सांगून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागणार. त्यानं त्याच्याकडची कळ दाबून धरली तरच माझ्याकडे गोळा खाली पडणार. त्या गोळ्यावर दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. हा गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला म्हणजे तुझ्यापुढे कुणी नाही याचा पुरावा. गोळा नाही तर सिग्नल कितीही पडलेला असो, गाडी हलायची नाही.

गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी मोठ्या रिंगेला. न थांबणाऱ्या गाडीला पोर्टर फलाटाच्या टोकाला उभा राहून रिंग वर धरायचा, इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ती दंडात ओढून घ्यायचा, आणि मागच्या सेक्शनाची, म्हणजे मागच्या दोन स्टेशनांमधल्या लाइनीची, रिंग खाली फेकायचा. ती फेकलेली रिंग रात्री पावसात बाभळीच्या झुडपात जाऊन पडली की ती सापडेपर्यंत मागचा सेक्शन अडकलेला. त्या पिशवीतला गोळा परत पेटीत टाकल्याशिवाय पुढची लाइन क्लिअर मिळत नाही. आम्ही तीन माणसं बॅटऱ्या घेऊन चिखलात गोळा शोधतोय आणि कंट्रोलचा फोन वाजतोय, ही रात्र माझ्या वाट्याला एकदा नव्हे, दोनदा आलीय.

क्रॉसिंग पडलं की अजून मजा. खालून पॅसेंजर येतेय, वरून मेल. पॅसेंजर लूपवर घ्यायची. ती हळूहळू आत येते. मी फलाटावर उभा राहून शेवटच्या डब्याची वाट बघतो. त्याच्या पाठीमागचा तांबडा दिवा, दिवसा पाटी, डोळ्यांनी दिसली तरच गाडी ‘पूर्ण आली’ असं रजिस्टरात लिहायचं. एखादा डबा सुटून मागे राहिला असेल तर? तो दिवा आणि फाऊलिंग मार्क (त्याच्या आत गाडी आली की शेजारच्या रुळावरच्या गाडीला धक्का लागत नाही, अशी खूण) ओलांडून आत आलेला शेवटचा डबा पाहिला, मगच मेनलाइनीचा काटा लावून मेलला सिग्नल. मेल धडधडत गेली. तिचा गोळा आला, पेटीत गेला, नवा निघाला, पॅसेंजरच्या ड्रायव्हरला दिला. यात 20-25 मिनिटं सहज जायची. तेवढ्यात लोकांचा चहा, पाणी, जावयाची पोचवणी सगळं व्हायचं. तुमच्या आजोबांना आठवतोय तो गजबजाट हा.

आणि मेललाच थांबवायची वेळ आली, म्हणजे पुढच्या स्टेशनाकडून लाइन क्लिअर नाही, तर मेल उभी. वेळापत्रकात तिचा थांबा नाही. आम्ही याला चालनाचा, म्हणजे गाड्या चालवण्याच्या सोयीचा, थांबा म्हणतो. पण उभ्या गाडीत चढणाऱ्या माणसाला कोण अडवतंय! गावाच्या हिशोबी मेल थांबते. रेल्वेच्या हिशोबी ती उशिरानं धावतेय. भांडणाचं मूळ इथेच आहे.

या लाइनीनं 1943 साली एक वेगळा थांबाही पाहिला. प्रतिसरकारचा जोर होता, क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत, आणि कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ त्यांनी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवून लुटली. त्या जागी आता स्मारक आहे. शेणोलीवरून जाताना खिडकीत बसलेल्यांपैकी किती जणांना ते माहीत असतं कोण जाणे. रेल्वेच्या पाटीवर त्याबद्दल अक्षर नाही. पाटीवर असतं फक्त नाव आणि समुद्रसपाटीपासूनची उंची.

मालक बदलत गेले ते एका दमात सांगतो. 1908 मध्ये कंपनी मद्रासच्या कंपनीत मिसळून मद्रास अँड सदर्न मराठा, म्हणजे एम. अँड एस. एम., झाली, स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये दक्षिण रेल्वे, 1966 मध्ये दक्षिण मध्य रेल्वे, आणि 2003 मध्ये पुणे विभाग होऊन आपण मध्य रेल्वेत आलो. तोपर्यंत आमचा विभाग हुबळीचा आणि मुख्यालय सिकंदराबादचं. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला थांब्याचा अर्ज घेऊन हुबळी, सिकंदराबाद गाठावं लागायचं. त्या काळाची एक खूण अजून धावते. कोल्हापूर–मुंबई महालक्ष्मी एक्सप्रेसचा नंबर पाहा: 17411 आणि 17412. लांब पल्ल्याच्या गाडीच्या नंबरातला दुसरा आकडा झोनचा, म्हणजे मध्य, दक्षिण मध्य अशा रेल्वेचा, आणि 7 म्हणजे दक्षिण मध्य. त्याच मार्गावरच्या कोयनेचा 11029, तिथे दुसरा 1, म्हणजे मध्य.

खरा मोठा बदल 1971 चा. पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झालं, महालक्ष्मी सुरू झाली, कोल्हापूरचा माणूस एका डब्यात बसून थेट मुंबईत उतरू लागला. पुण्याची आदलाबदल संपली. तुमच्या स्टेशनाच्या दृष्टीनं मात्र त्या आनंदात एक नुकसान दडलेलं होतं. मीटर गेजची वाफेची इंजिनं पाण्यासाठी ठरावीक टप्प्यावर उभी राहायचीच. डिझेलला पाणी नको. गाडी लांब झाली, इंजिन ताकदवान झालं, वेग वाढला. थांबण्याचं एक कारण त्यात गेलं.

मग माल गेला. जुने पोर्टर सांगायचे, मालधक्क्यावर गुळाच्या ढेपा, शेंगांची पोती, एखादा डबा भरून उभा. एक डबा भरला की मागणी देऊन मालगाडीला जोडायचा, अशी ती पद्धत. पण एकेक डबा काढून जोडत बसणं रेल्वेला परवडेना. तिनं फुटकळ माल घेणं बंद करत आणलं आणि अख्खी गाडी भरेल तरच या, असं धोरण धरलं. तेवढा माल कुठल्या गावात निघतो? तोवर ट्रक शेताच्या बांधापर्यंत येऊ लागला होता. साइडिंगचे रूळ गंजले, मग उचलले. मालधक्क्याचा दगडी चौथरा बहुतेक स्टेशनांवर अजून असतो. तुमच्याकडेही असेल, त्यावर आता पोरं क्रिकेट खेळत असतील.

मग सिग्नल सुधारले. गोळ्याचं यंत्र जाऊन टोकनशिवाय चालणारी यंत्रं आली, काटे पॅनलवरच्या बटणांनी फिरू लागले, क्रॉसिंगला लागणारी 20-25 मिनिटं 7-8 वर आली. तुमच्या आजोबांचा चहा तिथे संपला.

मार्च 2020 मध्ये सगळ्याच गाड्या थांबल्या, आणि पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर स्पेशल होऊन आल्या. कमीत कमी तिकीट 10 रुपयांवरून 30 वर गेलं. 2024 च्या सुरुवातीला भाडं परत साधं झालं, पण मधल्या चार वर्षांत रोजच्या माणसानं एसटी, वडाप, मोटरसायकल धरली. सुटलेला उतारू परत आणणं फार अवघड असतं. काही थांबे त्या काळात गेले ते वेळापत्रक नव्यानं बसवताना. त्यातल्या कुठल्या गाडीचा थांबा तुमच्याकडून गेला ते शोधायचं असेल तर 2019 चं छापील वेळापत्रक मिळवा. तेच तुमचं पहिलं हत्यार. ‘नवीन थांबा द्या’ आणि ‘होता तो परत द्या’ या दोन अर्जांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता थांबा देताना वरचे लोक काय बघतात. ते भावना बघत नाहीत, आणि मला तेही पूर्ण चूक वाटत नाही. वेगात चाललेली गाडी थांबवायची, दोन मिनिटं उभी करायची, परत वेगावर आणायची, यात त्या दोन मिनिटांची पाच-सहा होतात. असे दहा थांबे दिले की गाडी तासभर लांबते आणि मग कोल्हापूरचा माणूस ओरडतो. म्हणून ते विचारतात: या स्टेशनावरून या गाडीची तिकिटं किती निघतील? बहुतेक वेळा थांबा सहा महिन्यांसाठी ‘प्रायोगिक’ म्हणून देतात आणि नंतर विक्रीचे आकडे काढतात.

हे आकडे कुठून येतात ते ऐका. पूर्वी पुठ्ठ्याची तिकिटं असायची, आगपेटीहून थोडी मोठी. लाकडी कपाटात प्रत्येक गावाचा उभा खण, तिकिटं नंबरवार रचलेली. तिकीट काढायचं, तारखेच्या यंत्रात ‘खट्’ करून दाबायचं, द्यायचं. पाळी संपली की प्रत्येक खणातला पुढचा नंबर वहीत टिपायचा. काल 4512, आज 4539, म्हणजे 27 तिकिटं गेली. स्टेशनाची सगळी इज्जत त्या नंबरात. आता संगणक आहे, मोबाइलवरूनही तिकीट निघतं, पण तत्त्व तेच: तिकीट ज्या स्टेशनापासून, कमाई त्या स्टेशनाची.

आणि आपली माणसं काय करतात? मुंबईला जायचं तर कराडहून आरक्षण काढतात, कारण गाडी तिथे नक्की थांबते. मुलं कराडला शिकायला जातात, पास कराडच्या खिडकीवर काढतात. सगळं रास्त आहे, पण आकडा कराडच्या नावावर चढला. तुमच्या स्टेशनाच्या वहीत भोपळा. 2017 पासून स्टेशनांची प्रतवारी कमाई आणि उतारूंवर होते. उपनगरी नसलेल्यांना एनएसजी 1 ते 6, हॉल्टना एचजी 1 ते 3. तुमच्यासारखी स्टेशनं सहसा सर्वांत खालच्या एनएसजी 6 मध्ये, म्हणजे वर्षाला 1 कोटीच्या आत कमाई. फलाटाची उंची, शेड, पाण्याची सोय, सगळं या प्रतीवर ठरतं. थांबा मागणारं शिष्टमंडळ निवेदन द्यायला आलं की मी त्यांना पहिला प्रश्न विचारायचो, ‘तुम्ही आज इथवर कशानं आलात?’ एकदा सात जण आले होते, तीन गाड्यांतून. एकही रेल्वेची नव्हती.

दुहेरीकरणाचं आता सांगतो. तुमचा प्रश्न खरा इथे आहे आणि इथेच बहुतेक जण चुकीची आशा धरतात. दोन लाइनी झाल्या की क्रॉसिंगच उरत नाही. वर जाणारी वरच्या लाइनीनं, खाली येणारी खालच्या. ज्या लूपसाठी स्टेशन जन्माला आलं त्याची गरज फक्त मागच्या वेगवान गाडीला पुढे काढायला उरते, आणि त्यासाठी दर 8-10 किलोमीटरवर लूप लागत नाही. मधल्या जागी नुसता स्वयंचलित सिग्नल बसवून काम भागतं. म्हणजे चालनाच्या दृष्टीनं स्टेशन नको झालं, तर त्याचा हॉल्ट होऊ शकतो. मास्तर नाही, काटे नाहीत, तिकिटं कमिशनवर एजंट विकणार. घाबरवत नाही, पण देशात इतरत्र असं झालेलं मी पाहिलंय. 130 वर्षं ज्या कारणानं गाड्या थांबत होत्या ते कारण संपलं की स्टेशनाजवळ एकच कारण उरतं, तिथून चढणारी माणसं.

दुसऱ्या बाजूनं, मोकळी लाइन आणि वरची वीज यांनी एक दार उघडलंय. मेमू. तिला वेगळं इंजिन नसतं, मोटारी गाडीतच वाटलेल्या असतात, त्यामुळे ती चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. प्रत्येक स्टेशनावर थांबूनही जुन्या पॅसेंजरपेक्षा लवकर पोचते. शेवटच्या स्टेशनावर इंजिन फिरवावं लागत नाही, ड्रायव्हर या टोकाचा त्या टोकाला गेला की गाडी उलटी निघाली. एकेरी लाइनीवर अशी गाडी घातली असती तर ती निम्मा वेळ लूपवरच उभी राहिली असती. आता तसं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: महालक्ष्मीचा थांबा मागण्यात शक्ती घालवू नका. रात्रीच्या त्या गाडीत तुमच्या गावातून रोज किती जण बसणार? चार. मागा ती सकाळची मेमू. आणि मागताना गाडी मागू नका, वेळ मागा. कराडला पावणेदहाच्या आत पोचवणारी आणि संध्याकाळी सहानंतर सुटणारी. अर्जाला जोडा कराड, सातारा, सांगलीला रोज जाणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि नोकरदारांची यादी: गाव, कुठे जातो, किती वाजता, आज कशानं, किती भाडं. नावं आणि सह्या 200 असल्या तरी चालेल, 2,000 बिनकामाच्या सह्यांपेक्षा त्या भारी. अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकाला, प्रत खासदारांना, आणि विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीवर तुमच्या जिल्ह्याचा जो कुणी असेल त्याला. ही समिती बैठकीत विषय मांडते आणि लेखी उत्तर द्यायला लावते. ते लेखी उत्तर जपून ठेवा, पुढच्या अर्जात त्याच्या तारखेवर बोट ठेवता येतं. आणि गाडी मिळाली तर पहिले सहा महिने पास तुमच्याच स्टेशनाच्या नावानं काढा, मोबाइलवरून काढलात तरी सुरुवातीचं स्टेशन तुमचंच निवडा.

राहिलं ‘कधी झालं’. इमारतीवर साल सापडणार नाही, सापडलं तर ते नव्या इमारतीचं. फलाटाच्या कडेचं कुंपण आणि जुन्या पाटीचे खांब बघा. रेल्वेत काहीच फेकत नाहीत. निकामी झालेला रूळ तोडून खांब म्हणून उभा करतात. रुळाच्या मधल्या पातळ भागावर, आम्ही त्याला वेब म्हणतो, रूळ कारखान्यात लाटताना उठवलेली अक्षरं असतात: कारखान्याचं नाव, साल, कधी महिना. रंगाचे थर चढलेले असतील, वायरच्या ब्रशनं हलके घासा, खडू आडवा फिरवा, अक्षरं उठून येतात. सुरुवातीच्या काळातले रूळ विलायती कारखान्यांचे, नंतरचे टाटांचे. पण सावध, खांबावरचं साल म्हणजे स्टेशनाचं साल नव्हे, तो रूळ दुसरीकडून काढून आणलेला असू शकतो. त्याला जोड द्या जवळच्या मोऱ्यांची. लाइनीखालच्या जुन्या दगडी मोरीच्या कठड्यावर नंबर असतो, कधी सालही, आणि मोरी कुणी उचलून नेत नाही. रुळावर उतरू नका, बाजूच्या ओढ्यातून जा, फाटकाजवळच्या गँगमनला विचारलंत तर तो नेमकी मोरी दाखवेल. दुहेरीकरणात बऱ्याच मोऱ्या वाढवल्यात, पण वाढवताना जुना भाग सहसा एका बाजूला तसाच ठेवतात. उतरत्या बाजूनं बघा.